मेडिकल मिशनवरून परत आल्यावर: एकतिसाव्या दिवसाचा हिशोब कसा मांडायचा

परत आलात की सगळे एकच विचारतात, कसं झालं? आणि आपणही एकच उत्तर देतो, खूप छान, खूप शिकायला मिळालं. दोन आठवडे हे वाक्य इतक्यांदा बोललं जातं की मग आपल्यालाही तेवढंच खरं वाटायला लागतं, आणि त्याच्याखाली जे चुकलेलं, अर्धवट राहिलेलं, न समजलेलं असतं ते तसंच गाडलं जातं. मी नर्स आहे. व्हॉलंटियर म्हणून परदेशातल्या कॅम्पला आत्तापर्यंत दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आल्यावर मीही हेच केलं, फोटो दाखवले, लोकांनी कौतुक केलं, ते घेतलं. सहा महिन्यांनी नाइट ड्युटीला एका पेशंटला डिस्चार्जची औषधं समजावून देत होते, गोळ्यांची स्ट्रिप हातात होती, आणि एकदम तिथली एक बाई आठवली. तिचं पुढे काय झालं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा मी प्रयत्नही केला नव्हता.

हे सगळं पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि नुकतेच परत आलेल्यांसाठी लिहितेय. डॉक्टर असा, नर्स, फार्मसिस्ट, विद्यार्थी असा किंवा मेडिकलशी काही संबंध नसताना रजिस्टर लिहायला आणि रांग सांभाळायला गेलेले असा. मागे वळून बघणं म्हणजे मला काय वाटलं ते लिहून काढणं असं आपण समजतो. तेही लागतं, पण त्याहून जास्त लागतं ते हे, की आपण निघून आलो त्यानंतर तिथे काय राहिलं.

पायरी 1: निघायच्या आधी एक पान लिहा

हे काम परत आल्यावर सुरू होतं असं वाटतं पण खरं तर ते बॅग भरतानाच सुरू व्हायला हवं, कारण आल्यावर आपण आधी काय विचार करत होतो हे प्रामाणिकपणे आठवत नाही, आठवणी आपल्या सोयीने बदलतात. एक पान घ्या आणि चार गोष्टी लिहा. मी का जातेय, खरं कारण, त्यात बायोडेटासाठी हवंय किंवा रोजच्या कामाचा कंटाळा आलाय असं असेल तर तेही लिहा, कोणी वाचणार नाहीये. दुसरं, मला तिथे काय करायला जमेल असं वाटतंय. तिसरं, मला काय करायची परवानगी आहे. चौथं, मी परत आल्यावर तिथले पेशंट कोण बघणार. पान पाकिटात घालून बंद करा आणि घरी ठेवून जा.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबते, विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम. जे काम तुम्हाला इथे एकट्याने करायची मुभा नाही ते तिथे गरज आहे म्हणून करायची मुभा मिळत नाही. टाके घालायची प्रॅक्टिस, दात काढणं, डिलिव्हरी, हे शिकायला तिथली माणसं नाहीत. कोणी आग्रह केला तरी नाही म्हणायचं, आणि नाही म्हटलंत किंवा म्हणू शकला नाहीत, दोन्ही त्या रात्री डायरीत लिहायचं. डॉक्टर-नर्सनी त्या देशाची तात्पुरती प्रॅक्टिसची परवानगी आपल्या नावाने निघाली आहे का हे टीम लीडरला स्पष्ट विचारा. ते बघितलंय सगळं, असं उत्तर आलं तर कागद बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही.

पायरी 2: तिथे असताना रोज दहा मिनिटं

चौथ्या दिवशी पहिला दिवस आठवत नाही, सगळे चेहरे एकात एक मिसळतात. म्हणून त्याच रात्री लिहायचं, कितीही दमलेलं असलं तरी. भाषा चांगली नको, वाक्यं पूर्ण नकोत.

तीन प्रश्न पुरतात: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता काय करायचं. 1970 मध्ये टेरी बोर्टन नावाच्या शिक्षणातल्या माणसाने हे तीन प्रश्न मांडले, आणि पुढे नर्सिंगमध्ये ते इतके रुळले की ट्रेनिंगमध्ये बऱ्याच जणींना शिकवतात. सोपे आहेत म्हणून हलके समजू नका. पहिल्या प्रश्नात फक्त घडलेलं लिहायचं, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. बाई घाबरली होती असं नाही लिहायचं, बाईने हात मागे घेतला आणि दुभाष्याकडे बघितलं असं लिहायचं. घाबरली होती हा तुमचा अंदाज, तो दुसऱ्या प्रश्नात. हा फरक पाळलात तर परत आल्यावर ती डायरी खरंच उपयोगी पडते, नाहीतर नुसती आपल्या मूडची नोंद होते.

पेशंटचं नाव कधीच लिहू नका. रजिस्टरचा नंबरही शक्यतो नको, स्वतःची खूण ठेवा, 'हिरवी ओढणी, पाय सुजलेले' एवढं आपल्याला पुरतं. गाव लहान असेल तर अशा खुणेवरूनही ओळख पटते, म्हणून ती डायरी कोणाच्या हातात द्यायची नाही.

दुभाष्याबद्दल रोज एक ओळ लिहाच. आपलं बोलणं समोर काय होऊन पोचलं हे आपल्याला कळत नाही. एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय: औषधाच्या पाकिटावर इंग्रजीत 'वन्स' म्हणजे एकदा असं लिहिलं, आणि वाचणारा स्पॅनिश असला, तर तीच अक्षरं त्याच्या भाषेत 'ओन्से' होतात, म्हणजे अकरा. एकदाच्या जागी अकरा गोळ्या. त्यामुळे समजलं का असं विचारून भागत नाही, मान सगळेच हलवतात. आता तुम्ही मला सांगा ही गोळी कशी घेणार, असं विचारायचं आणि पेशंटकडून परत वदवून घ्यायचं. हे किती जणांच्या बाबतीत केलं आणि किती जणांच्या बाबतीत घाईत सुटलं, तो आकडा रोज टाका. माझा पहिल्या कॅम्पचा आकडा मला आज सांगता येत नाही कारण मी तेव्हा तो मोजलाच नव्हता.

पायरी 3: आल्याबरोबर आधी शरीराकडे बघा

मनाचं नंतर. मलेरियाच्या भागात जाऊन आला असाल तर प्रतिबंधाच्या गोळ्या घरी आल्या आल्या थांबवू नका, डॉक्सीसायक्लिन परत आल्यावर 4 आठवडे चालू ठेवावी लागते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर 7 दिवस. गोळ्या घेऊनसुद्धा मलेरिया होऊ शकतो. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आपण होऊन सांगा की अमुक भागात जाऊन आलो, ते विचारायची वाट बघू नका. आपण मेडिकलवालेच यात सगळ्यात जास्त आळस करतो, व्हायरल असेल म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढतो, आणि फॅल्सिपॅरम या सगळ्यात घातक प्रकारच्या मलेरियात ते दोन दिवस फार महागात पडतात.

सुई टोचली असेल आणि घाईत कोणाला सांगितलं नसेल तर आता सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात, तो वेळ गेला असला तरी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या राहतातच. टीबीच्या पेशंटजवळ बंद खोलीत काम केलं असेल तर टेस्ट लगेच नाही, 8 ते 10 आठवड्यांनी करायची. आफ्रिकेत किंवा शिस्टोसोमायसिस (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांचा आजार) असलेल्या दुसऱ्या कुठल्या भागात नदी-तलावाच्या पाण्यात उतरला असाल तर तेही डॉक्टरला सांगा.

आणि एक उलटा विचारही करा, आपण तिथे काय नेलं. हैतीमध्ये 2010 च्या ऑक्टोबरमध्ये कॉलरा पसरला, त्याआधी शतकभर तिथे कॉलराची नोंद नव्हती, आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरच्या सांडपाण्यातून नदीत गेला होता. 8 लाखांहून जास्त लोक आजारी पडले, जवळपास 10 हजार गेले, आणि संयुक्त राष्ट्रांनी यातली आपली भूमिका मान्य करायला 2016 उजाडलं. मदतीला गेलेली माणसं होती ती. आपण सर्दी-खोकला असताना लहान मुलं तपासायला बसलो होतो का, जुलाब चालू असताना काम केलं का, याचं उत्तर डायरीत आलं पाहिजे.

पायरी 4: पहिला महिना मनाला वेळ द्या

झोप उडते, इथलं भरलेलं औषधांचं कपाट बघून राग येतो, साध्या तक्रारी घेऊन आलेल्या पेशंटवर चिडचिड होते, घरच्यांना काही सांगावंसं वाटत नाही. उलटंही होतं, काहीच वाटत नाही आणि आपण दगड झालो का अशी भीती वाटते. दोन्ही होऊ शकतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत भाषण, प्रेझेंटेशन, मुलाखत असलं काही अंगावर घेऊ नका, कारण स्टेजवर उभं राहिलं की आपण गोष्ट गोळीबंद करून सांगतो आणि मग ती तशीच पक्की होऊन बसते.

काही टीम आल्यावर सगळ्यांना गोलात बसवून जे पाहिलं ते बोलायलाच लावतात. जबरदस्ती नको. भयंकर प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं काढून घ्यायची जी जुनी पद्धत आहे ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, ज्याला नाही त्याच्या शेजारी नुसतं बसावं. तेच तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, दचकणं, झोप न लागणं हे महिन्याच्या पुढे चाललं किंवा कामावर परिणाम व्हायला लागला, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

पायरी 5: तीन पेशंट निवडा

हीच मुख्य पायरी, बाकी सगळी तयारी समजा. डायरी उघडा आणि तीन पेशंट निवडा: एक जिथे काम नीट झालं, एक जिथे चुकलं, आणि एक जिचं किंवा ज्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला अजिबात माहीत नाही. तिसरा पेशंट निवडायला फार शोधावं लागत नाही, बहुतेक सगळेच त्यात असतात.

माझी तिसरी म्हणजे तीच बाई. पन्नाशीची असेल. बीपी 168/100 आलं, पाच मिनिटं बसवून परत घेतलं, 164/98. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज एक, 30 दिवस असं लिहिलं. मी दहा-दहाच्या तीन स्ट्रिप तिच्या हातात दिल्या. तिने त्या लगेच पदराआड ठेवल्या नाहीत, टेबलावर एकाशेजारी एक मांडल्या आणि बोटाने प्रत्येक गोळीवर टेकवत टेकवत मोजल्या, फुगवट्यावर बोट ठेवलं की स्ट्रिप टक् वाजायची. तीस झाल्यावर तिने मान वर करून काहीतरी विचारलं. दुभाष्या दुसऱ्या टेबलाकडे गेला होता. मागे रांग होती. मी हसून मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या रात्री डायरीत मी लिहिलं होतं, 'आज खूप छान बाई भेटली, गोळ्या इतक्या जपून मोजत होती'. बस एवढंच!

आता हा प्रसंग नीट उलगडायचा कसा. ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 चं सहा टप्प्यांचं चक्र यासाठी चांगलं आहे, नर्सिंगला असाल तर शिकलाच असाल: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय होतं, असं का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. यातल्या दुसऱ्या टप्प्यावर सगळे अडकतात. दोन पानं भावना, आणि चौथ्या टप्प्यावर दोन ओळी. मी म्हणते उलट करा, चौथ्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

माझ्या चौथ्या टप्प्यात जे निघालं ते असं. एक, एकाच दिवशी दोनदा मोजलेल्या बीपीवर आपण औषध सुरू केलं, खरं तर बीपी फार वाढलेलं नसेल तर वेगवेगळ्या दिवशी मोजून मग ठरवायचं असतं, पण आपल्याकडे वेगळा दिवसच नव्हता. दोन, ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते, हे तिला कोणी सांगितलं नाही, सूज आली असेल तर तिने गोळी सोडली असेल किंवा घाबरली असेल. तीन, ही गोळी महिन्याचा कोर्स नाही, बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते, आणि तीस गोळ्या हातात ठेवल्या की समोरच्याला वाटतं, या संपल्या की मी बरी. चार, तिने जे विचारलं ते बहुतेक हेच असणार की या संपल्यावर काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कोणतं, तिथे ही गोळी मिळते का, कोणत्या वारी मिळते, हे मी कोणालाही विचारलेलं नव्हतं. टीममधल्या कोणालाच माहीत नव्हतं असं नंतर कळलं.

जगात 30 ते 79 वयाच्या 128 कोटी लोकांना हाय बीपी आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अंदाज होता, त्यातले दोन तृतीयांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि जवळपास निम्म्यांना ते असल्याचं माहीतच नाही. म्हणजे कॅम्पमध्ये बीपी सापडणं ही काही मोठी कामगिरी नाही, मशीन लावलं की ते सापडणारच. अवघड आहे तो एकतिसावा दिवस, ज्या सकाळी तिसरी स्ट्रिप रिकामी असते.

सर्जरीच्या टीमचाही असाच दिवस असतो. ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन मोजायचं तर 30 दिवसांपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, इम्प्लांट घातलेल्या काही ऑपरेशनमध्ये 90 दिवस. टीम सहाव्या दिवशी विमानात बसते आणि रिपोर्टमध्ये एकही गुंतागुंत नाही असं लिहिते. गुंतागुंत व्हायला तेवढे दिवस तरी जायला हवेत ना. सर्जरीला गेला असाल तर तुमचा हिशोबाचा प्रश्न हा: दहाव्या दिवशी टाके कोणी काढले, आणि पू झाला तर ती माणसं कुठे गेली.

पायरी 6: आकडे उलटे करून बघा

कॅम्पचा आकडा सगळ्यांना आवडतो. समजा 4 दिवसांत 1,100 पेशंट तपासले. दिवसाला 275. तपासणीची 5 टेबलं असतील तर एका टेबलाला 55. सहा तास काम म्हणजे 360 मिनिटं, एका पेशंटला साडेसहा मिनिटं. त्यातलं निम्मं भाषांतरात जातं. उरलेल्या तीन-सव्वातीन मिनिटांत नाव, तक्रार, तपासणी, निदान, औषध आणि समजावणं. हा हिशोब आपल्या कॅम्पच्या आकड्यांवर करून बघा आणि मग स्वतःला विचारा की अर्धे पेशंट कमी घेतले असते तर काय बिघडलं असतं. काही वेळा उत्तर येतं की खरंच बिघडलं असतं, लोक दोन दिवस चालत आले होते. मग तसं लिहा. उत्तर आधीच ठरवून हिशोब करायचा नाही.

पायरी 7: उरलेल्या औषधांचं काय झालं

निघताना उरलेली औषधं खोक्यात भरून तिथल्या दवाखान्यात ठेवली जातात, वाटतं दान केलं. यादी काढा आणि एक्स्पायरी बघा. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं 1996 पासून आहेत, त्यात म्हटलंय की औषध त्या देशात पोचताना किमान एक वर्ष एक्स्पायरी बाकी असावी, पेशंटनी परत केलेली औषधं किंवा फुकट सॅम्पल देऊ नयेत, लेबल तिथल्या डॉक्टरांना कळेल अशा भाषेत असावं, आणि मुख्य म्हणजे त्यांना हवं असेल तेच द्यावं. याची गरज का पडली त्याचं उदाहरण बोस्निया-हर्जेगोविना. 1992 ते 1996 च्या मध्यापर्यंत, युद्धात आणि ते संपल्यावर लगेच, तिथे सुमारे 17 हजार टन निरुपयोगी औषधं जमा झाली असा अंदाज निघाला होता, आणि ती नष्ट करायचा भार युद्धातून उठणाऱ्या देशावर.

आमच्या टीमने पहिल्या वेळी दोन खोकी ठेवली. त्यात तीन महिन्यांत संपणारी अँटिबायोटिक सिरप होती, आणि लेबलं तिथल्या सिस्टरना वाचता येणार नाहीत अशा भाषेत. मीच पॅक केली होती ती, वरून टेप लावली होती.

पायरी 8: तिथल्या माणसांना विचारा, आणि खरं उत्तर येईल असं विचारा

कॅम्प कसा झाला असं विचारलंत तर छान झाला, परत या हेच उत्तर येणार, कारण तुम्ही पाहुणे आहात आणि पुढच्या वर्षीची मदत तुमच्या हातात आहे. असे प्रश्न विचारा ज्यांना छान म्हणून उत्तर देता येत नाही. आम्ही होतो त्या आठवड्यात तुमचं कोणतं काम थांबलं? आम्ही गेल्यावर कोणत्या तक्रारी घेऊन पेशंट आले? कोणत्या वस्तूंसाठी जागा करावी लागली? पुढच्या वेळी एकच माणूस पाठवायचा असेल तर कोण पाठवू?

मी पहिल्या कॅम्पनंतर दीड वर्षाने तिथल्या एका सिस्टरला हे मेसेजवर विचारलं, आधी तिची परवानगी घेऊन आणि हे टीमला तुझ्या नावाने सांगणार नाही असं सांगून. तिने उत्तर द्यायला चार दिवस घेतले. त्या आठवड्यात त्यांचा लसीकरणाचा दिवस होता, तो झाला नाही कारण दोन्ही सिस्टर आमच्याकडे दुभाष्या म्हणून होत्या. आम्ही दुभाष्या मोफत मिळाले म्हणून खूश होतो. वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते.

एप्रिल 1968 मध्ये इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने मेक्सिकोत काम करायला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर भाषण केलं आणि त्यांना तोंडावर सांगितलं की मदत करायला मेक्सिकोला येऊ नका. मला ते पूर्ण पटत नाही, कारण मी असे कॅम्प पाहिलेत जिथे दुभंगलेल्या ओठाचं मूल ऑपरेशन होऊन आईच्या मांडीवर नीट दूध पितं, आणि तिथे वर्षभर दुसरं कोणी येणार नव्हतं. पण सिस्टरचा मेसेज आल्यावर मी ते भाषण पुन्हा वाचलं, आणि या वेळी मधेच बंद केलं नाही.

पायरी 9: फोटो आणि पोस्ट

छोटीच पायरी आहे पण चुकवू नका. फोनमधले सगळे फोटो बघा. प्रत्येक पेशंटच्या फोटोला विचारा, याने हो म्हटलं होतं का, त्याच्या भाषेत, कुठे दाखवणार हे कळून. कपडे काढलेलं, रडणारं, बेशुद्ध, लहान मूल, असे फोटो परवानगी असली तरी टाकू नका. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपत नाही, गावातले लोक कपड्यांवरून, भिंतीवरून, शेजारी उभ्या माणसावरून ओळखतात. एक सोपी कसोटी, तुमच्या आईचा तपासणी टेबलावरचा असाच फोटो परक्या देशात कोणी टाकला तर चालेल का.

पायरी 10: पुढचं एकच काम ठरवा

सगळं लिहून झालं की दहा संकल्प करू नका, एक करा, तारखेसकट. टीमला दोन पानी पत्र लिहिणं हे एक असू शकतं, त्यात नाव कोणाचं नको, फक्त काय बदलता येईल ते. तिथल्या सिस्टरना महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर केस डिस्कशनला भेटणं हे एक असू शकतं, त्यांनी मागितलं तर. त्याच गावात परत जाणं, दर वेळी नवीन देश न घेता. किंवा या वर्षी न जाता तिकिटाचे पैसे तिथल्याच आरोग्य केंद्राला देणं, हाही पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे.

परत जायचं म्हटलं की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. ते तिथे राहिले, चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. तसं राहणं आपल्यातल्या फार थोड्यांना जमेल. पण भाषा शिकणं आणि शिकवून येणं, यातलं थोडं तरी आठवड्याच्या कॅम्पमध्येही बसतं, निदान वीस वाक्यं तरी पाठ करून जाता येतात.

आता ते पाकीट उघडा, निघायच्या आधीचं. चारही उत्तरं वाचा आणि प्रत्येकाखाली वेगळ्या रंगाच्या पेनाने आजची तारीख घालून आजचं उत्तर लिहा. जुनं खोडू नका.

माझं पाकीट दुसऱ्या कॅम्पचं होतं, पहिल्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. चौथ्या प्रश्नाखाली, पेशंट कोण बघणार याच्याखाली, मी जाताना लिहिलं होतं 'तिथले लोक बघतील'. आल्यावर त्याच्याखाली लिहिलं, 'कोण? नाव, ठिकाण, वार'. तिसऱ्या कॅम्पचं विचारलं गेलं तेव्हा मी हो म्हणायच्या आधी टीम लीडरला तोच प्रश्न मेल केला, एकतिसाव्या दिवशी गोळी कुठे मिळेल. उत्तर यायला नऊ दिवस लागले. आरोग्य केंद्राचं नाव आलं, ते सोमवारी आणि गुरुवारी उघडं असतं हे आलं, आणि तिथल्या साठ्यात ॲम्लोडिपिन नाही, दुसरी गोळी असते हेही आलं. मग आम्ही आमची यादी बदलली, आणि बीपीसाठी तिथे मिळते तीच गोळी घेतली. ती दोन वारांची नावं तिथल्या भाषेत कशी म्हणायची ते मी सध्या पाठ करतेय.